‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ : इनाम कीं मक्ता ?

१. केंद्रीय मंत्रिमंडळानें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नांवाची योजना मंजूर केली व १ जानेवारी २०२५ पासून ती अमलांत आली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांकरितां तीसाठीं ६,००० कोटि रुपयांची तरतूद आहे. तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० विद्वन्नियतकालिकें सरकारी विद्यासंस्था व केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था मिळून ६,३०० हून अधिक संस्थांतील सुमारें १ कोटि ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांस संगणकावर वाचावयास मिळावीं, असा तिचा हेतु आहे. जुन्या दप्तरांत व पोथ्यांत रमणाऱ्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु एखादी सनद हातीं आली म्हणजे ती कोणी दिली, कोणास दिली, काय दिलें, आणि किती मुदतीनें दिलें, हे प्रश्न आपण क्रमानें विचारतों. तेच प्रश्न या योजनेसही विचारतां येतात. आणि ते विचारले पाहिजेत, कारण आज लिहिलें जाणारें संशोधन पन्नास वर्षांनीं कोणाच्या कपाटांत सांपडेल, याचा निर्णय असल्या करारांत होत आहे.

२. प्रथम गुणांचा उल्लेख करणें न्याय्य होईल. छापील अंकांच्या काळीं प्रत्येक ग्रंथालय आपापली वर्गणी भरी. १९९० नंतरच्या दशकांत नियतकालिकें विद्युत्स्वरूपांत येऊं लागलीं, आणि मोठ्या प्रकाशकांनीं एकेक नियतकालिक विकण्याऐवजीं आपला सर्व संग्रह एकगठ्ठा देण्याची रीत पाडली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रंथालयांचे संचालक केनेथ फ्रेझर यांनीं २००१ सालीं या व्यवहारास ‘बिग डील’ असें संबोधून ग्रंथपालांस सावध केलें. एकदां गठ्ठा घेतला कीं त्यांतील नको तें वगळतां येत नाहीं, आणि सर्व सोडण्याचें धाडसही होत नाहीं, हें त्यांच्या इशाऱ्याचें मर्म. एकेकट्या ग्रंथालयाची शक्ति अशा ठिकाणीं अपुरी पडते. म्हणून ग्रंथालयें संघ करून एकमुखानें भाव ठरवूं लागलीं. आपल्याकडे अभियांत्रिकी संस्थांकरितां २००३ सालीं ‘इंडेस्ट’ हा संघ व विद्यापीठांकरितां २००४ सालीं ‘यूजीसी-इन्फोनेट’ हा संघ उभा राहिला. महाविद्यालयांकरितां पुढें ‘एन-लिस्ट’ निघाला. या तिहींचें २०१५ सालीं ‘ई-शोधसिंधु’ या नांवाखालीं एकीकरण झालें व त्याचा कारभार गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राकडे आला. नवी योजनाही तेंच केंद्र चालवितें. तरीही निरनिराळ्या मंत्रालयांचे निरनिराळे संघ उरलेच होते, आणि एकाच नियतकालिकाकरितां सरकारी तिजोरींतून अनेक वाटांनीं पैसा जात होता. तो सर्व व्यवहार एका हातीं आणला, हें या योजनेचें श्रेय निर्विवाद आहे.

हिशोब केला तर सालीना २,००० कोटि रुपये, म्हणजे दर वाचकामागें सुमारें १,१११ रुपये पडतात. इतक्या रकमेंत पूर्वीं एका बऱ्या परदेशी नियतकालिकाची सालाची वर्गणीही भागत नसे. गडचिरोलीच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यास मुंबईच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्याइकतेंच वाचावयास मिळावें, ही गोष्ट सामान्य नव्हे. हें मान्य करूनच पुढील आक्षेप मांडले आहेत.

३. पहिला व मुख्य प्रश्न : या पैशानें विकत काय घेतलें ? छापील अंक टपालानें येई, त्यावर ग्रंथालयाचा शिक्का उमटे, वर्षअखेर अंक बांधले जात व तो खंड कपाटांत राही. पुढील सालीं वर्गणी थांबली तरी मागील खंड कोणी उचलून नेत नसे. विद्युत्स्वरूप नियतकालिकाची गोष्ट निराळी आहे. तेथें वस्तूचें विक्रयपत्र होत नाहीं, वाचण्याचा परवाना मिळतो. अंक प्रकाशकाच्या यंत्रावर राहतो. ग्रंथालयाकडे राहते ती केवळ दाराची किल्ली, आणि तीही मुदतीची. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं स्वत्व आणि भोग यांत जो भेद केला आहे तो येथें नेमका लागू पडतो. आपल्या दप्तरांच्या भाषेंत सांगावयाचें तर हें इनाम नव्हे, हा मक्ता आहे. इनाम लेंकराचे लेंकरीं चालतें. मक्ता मुदत भरली कीं सरतो, आणि नवा मक्ता कोणत्या रकमेस द्यावयाचा हें धनी ठरवितो. सांप्रतच्या मक्त्याची मुदत २०२७ च्या डिसेंबरअखेर भरते.

४. ही भीति काल्पनिक नाहीं. जर्मनींतील विद्यापीठांचा व संशोधनसंस्थांचा संघ आणि एल्सेव्हिएर हे प्रकाशक यांची बोलणीं फिसकटलीं तेव्हां २०१८ सालीं तेथील सुमारें दोनशें संस्थांचा नव्या अंकांकडे जाणारा मार्ग बंद करण्यांत आला. नवा करार होण्यास २०२३ साल उजाडलें. कॅलिफोर्निया विद्यापीठानें फेब्रुवारी २०१९ मध्यें याच प्रकाशकाशीं असलेला करार सोडला, आणि मार्च २०२१ पर्यंत नवा करार झाला नाहीं. पण या दुसऱ्या उदाहरणांतील एक बारकावा आपल्या दृष्टीनें मोलाचा आहे. पूर्वींच्या करारांत मुदतीनंतरही वाचण्याचा हक्क राखून ठेवलेला होता, म्हणून त्या विद्यापीठास जुने अंक बव्हंशीं वाचतां येत राहिले. अडचण मुख्यत्वें नव्या अंकांपुरतीच राहिली. म्हणजे मक्त्याच्या पत्रांतही इनामाचें एखादें कलम घालून घेतां येतें, आणि तें एक कलम संकटकाळीं सर्व रकमेहून अधिक उपयोगीं पडतें. तेव्हां अशा कराराचें परीक्षण करणाऱ्यानें रकमेचा आंकडा मागाहून पाहावा. ‘मुदत संपल्यावर काय उरतें’ हें कलम आधीं पाहावें.

५. नुसता हक्क कागदावर असूनही भागत नाहीं. प्रत कोठें तरी आपल्या हातीं असावी लागते. पोथ्यांच्या अभ्यासकास हें निराळें सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तिचें आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखालीं १९३३ सालीं पुरें झालें व संपूर्ण ग्रंथ १९६६ सालीं पुरा झाला. तें कार्य शक्य झालें याचें कारण काश्मीरच्या शारदा लिपींतल्या पोथ्यांपासून केरळच्या मलयाळम् लिपींतल्या पोथ्यांपर्यंत प्रती देशभर, एकमेकांस ठाऊक नसलेल्या घरांत, स्वतंत्रपणें टिकून होत्या. सर्व प्रती एकाच भांडारांत असत्या आणि त्या भांडाराचें दार एकाच धन्याच्या इच्छेनें उघडत असतें, तर एका आगीनें, एका दंग्यानें किंवा एका लहरीनें सर्व ग्रंथ गेला असता. ५ जानेवारी २००४ रोजीं त्याच संस्थेवर हल्ला होऊन पोथ्यांची व ग्रंथांची नासधूस झाली, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला व त्यामागून एकवीस खंड निघाले. या छापील खंडांमुळें मूळ कागद एखाद्या घरीं नष्ट झाला तरी त्यांतील मजकूर शेंकडों ग्रंथालयांत जिवंत राहण्याची सोय झाली.

संगणकशास्त्रज्ञांनींही शेवटीं हेंच तत्त्व शोधून काढलें. अमेरिकेंत स्टॅन्फर्ड विद्यापीठांत १९९९ सालीं ‘लॉक्स’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. पुष्कळ प्रती असल्या म्हणजे वस्तु सुरक्षित राहते, हा त्या नांवाचा विस्तारार्थ. त्यांत सहभागी झालेलीं ग्रंथालयें आपण वर्गणी भरलेल्या नियतकालिकांच्या प्रती आपापल्या यंत्रांत ठेवतात, आणि तीं यंत्रें एकमेकांशीं पाठ ताडून पाहून बिघडलेली प्रत दुरुस्त करतात. पाठभेद जुळविण्याचें आपलेंच शास्त्र येथें नव्या रूपानें अवतरलें आहे. २००५ पासून ‘पोर्टिको’ हें प्रकाशकांच्या सहकार्यानें चालणारें दुसरें कोठारही आहे. कोणी म्हणेल कीं, नियतकालिकें सर्वांस मोफत खुलीं झालीं म्हणजे हा प्रश्नच मिटेल. मोफत झाल्यानें वाचण्याचा प्रश्न मिटेल, टिकण्याचा मिटणार नाहीं. २००० ते २०१९ या अवधींत मुक्त स्वरूपाचीं १७४ नियतकालिकें इंटरनेटवरून नाहींशीं झालीं, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे. वेशी सताड उघड्या असलेलें गांवही ओस पडतेंच.

६. दुसरा प्रश्न : दिलें कोणास ? पहिल्या टप्प्यांत योजनेचे लाभार्थी म्हणजे सरकारी उच्चशिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था. लोकवर्गणीवर व देणग्यांवर उभ्या राहिलेल्या नोंदणीकृत संशोधनमंडळांस या व्याख्येंत जागा नाहीं. कोणत्याही संस्थेच्या पटावर नांव नसलेला स्वतंत्र संशोधक तर कोठेंच बसत नाहीं. वास्तविक महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाचा पाया घालणारे बहुतेक पुरुष असेच होते. राजवाडे कोणत्या विद्यापीठाचे अध्यापक होते ? वासुदेवशास्त्री खरे मिरजेस शाळेंत शिकवीत असतां पटवर्धन घराण्याचे कागद प्रसिद्ध करीत होते. आजच्या व्याख्येनें हे दोघेही दाराबाहेर राहिले असते.

दाराबाहेर राहण्याचा अनुभव आपल्या क्षेत्रास नवा नाहीं. पुण्यांतील पेशवे दप्तर इंग्रजी अमलांत दीर्घकाळ सामान्य संशोधकास दुर्लभ होतें. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले तेव्हां कोठें तें धन अंशतः लोकांच्या हातीं आलें. दप्तर आपल्याच पूर्वजांचें, आणि परवानगी मात्र परक्याची, हें ज्यांनीं सोसलें त्यांच्या वारसांनीं नव्या दप्तराच्या दाराशीं उगी राहूं नये. पुढील टप्प्यांत खासगी संस्था व नंतर सार्वजनिक ग्रंथालयांच्या द्वारें सर्व नागरिक यांपर्यंत ही सोय नेण्याचा मनोदय प्रकट झालेला आहे. परंतु मनोदय म्हणजे सनद नव्हे. तोंपर्यंत एक सोपा उपाय उपलब्ध आहे. पाश्चात्य ग्रंथालयांच्या करारांत पुष्कळदां असें कलम असतें कीं, जो कोणी प्रत्यक्ष ग्रंथालयांत येऊन बसेल त्यास तेथल्या संगणकावर वाचण्याची मुभा असावी, मग तो संस्थेचा असो वा नसो. छापील अंकांच्या काळीं अनेक विद्यापीठांच्या वाचनालयांत परक्या अभ्यासकास जी मुभा शिष्टाचारानें मिळे, तिलाच हें लेखी रूप आहे. हें कलम आपल्या करारांतही असलें पाहिजे.

७. तिसरा प्रश्न संख्येचा व किंमतीचा. १३,००० ही संख्या मोठी खरी. पण दप्तरांत रुमाल किती हें सांगितल्यानें रुमालांत काय आहे हें कळत नाहीं. तीस प्रकाशकांपैकीं बहुतेक परदेशी असून यादीवर विज्ञान, वैद्यक व यंत्रशास्त्र यांचा भार अधिक आहे. केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस इत्यादि प्रकाशक यादींत असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकास लाभ होणार नाहीं असें नाहीं. परंतु मराठींतील संशोधनपत्रिका व संस्थांचीं त्रैमासिकें जपण्याचा प्रश्न या वर्गणीनें सुटत नाहीं. तो आपला आपणांसच सोडवावा लागेल, आणि इतक्या रकमेचा लहानसा अंशही त्यास पुरेल.

किंमतीविषयीं असें कीं, प्रकाशक निरनिराळ्या ग्राहकांशीं निरनिराळे भाव ठरवितात व ते गुप्त ठेवण्याची अट घालतात. अमेरिकेंतील कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं माहितीच्या कायद्यांचा आधार घेऊन विद्यापीठांचे करार मिळविले व २०१४ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, सारख्याच योग्यतेच्या विद्यापीठांनीं त्याच गठ्ठ्याकरितां फार भिन्न रकमा भरल्या होत्या. गुप्त भावाचा लाभ नेहमीं विकणारास होतो. प्रजेच्या पैशानें झालेला करार प्रजेस वाचावयास मिळावा, यांत गैर कांहींच नाहीं.

८. निष्कर्ष थोडक्यांत असा. योजना टाकाऊ नाहीं. ती अपुरी आहे, आणि तिचें अपुरेंपण रकमेंत नसून कलमांत आहे. २०२८ पासूनच्या कराराचीं बोलणीं होतांना पुढील चार कलमांचा आग्रह धरावा. पहिलें, ज्या सालांची वर्गणी भरली त्या सालांचे अंक मुदतीनंतरही कायम वाचतां यावे. दुसरें, त्या अंकांची पूर्ण प्रत भारतांत, एकाहून अधिक ठिकाणीं, स्वतंत्र हातांत ठेवली जावी. तिसरें, नोंदणीकृत संशोधनमंडळांस लाभार्थी मानावें, आणि सरकारी ग्रंथालयांत येऊन बसणाऱ्या प्रत्येक वाचकास मुभा असावी. चौथें, कराराचा मसुदा व किंमत प्रसिद्ध व्हावी.

महाराष्ट्रांतील संशोधनमंडळांनीं आपापल्या वार्षिक सभेंत या अर्थाचे ठराव करून ते केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाकडे व इन्फ्लिबनेट केंद्राकडे पाठवावे. मक्ता भरत आल्यावर धावपळ करण्यापेक्षां मुदतीच्या आंत बोलणें शहाणपणाचें. ज्यांच्या पूर्वजांनीं माळ्यावरचीं व कोनाड्यांतलीं बाडें प्रत करून घेऊन वांचविलीं, त्यांनीं प्रतीचा हक्क मागितला तर तो अनाठायीं आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.