पाषाणाचे सोने

वेरूळला आलेला माणूस सरळ कैलासाकडे धावतो. दागिन्यांचा शौक असेल त्याने आधी २१ क्रमांकाच्या लेण्यात, रामेश्वरात, शिरावे. ओसरीच्या टोकाला मकरावर गंगा उभी आहे. साधारण सहाव्या शतकातली. म्हणजे आठव्या शतकात कैलास कोरवून घेणाऱ्या राष्ट्रकूट कृष्णाच्याही आधीची. अंगावर दागिने मोजकेच, पण गंमत त्यांच्या बसण्यात आहे. कंबर झुकते तशी मेखलाही अंगाच्या कलाने जाते. जड काळ्या पाषाणातली ही घडण ठोकलेल्या पत्र्याइतकी हलकी वाटते.

का वाटते, ते सोनाराच्या हातोडीकडे पाहिले की उमजते. ती सोने कमी करत नाही, सरकवते. गोलसर तोंडाचा घाव धातूला चहूकडे पसरवतो. पाचरीसारख्या तोंडाचा घाव दोनच बाजूंना ढकलतो, म्हणून पट्टी लांबणार की रुंदावणार हे हातोडी कशी धरली यावर ठरते. तोंड आरशासारखे गुळगुळीत लागते, नाहीतर त्यावरचा ओरखडा दर घावाला पत्र्यावर उमटतो. ठोकून ठोकून सोने ताठरले की ताव देऊन मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. अशाने ग्रॅमभर सोन्याचा जवळपास चौरस मीटर वर्ख निघतो. नक्षी उठवायची तर पत्रा लाखेवर पालथा बसवतात, मागून ठशांनी फुगवटे काढतात आणि उलटून समोरून कडा नेटक्या करतात.

पाथरवटाला मागची बाजूच नाही. मागे अख्खा डोंगर. त्याची हातोडी छिन्नीवर पडते आणि दर घावाला दगड कमीच होतो. भोवतालचा काढला तेव्हा नक्षी वर येते. सोनार चुकला तर आटवून पुन्हा बसेल. इथे टवका उडाला की उडाला. तरी गंगेचे दागिने आतून फुगवल्यासारखे दिसतात. धातू कुठे वाकतो, कुठे लोंबतो, हे डोळ्यांत मुरल्याशिवाय असे जमत नाही.

३२ क्रमांकाच्या इंद्रसभेतली जैन अंबिका बरीच नंतरची. (तिथल्या हत्तीवरच्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले आणि लेण्याला ते नाव चिकटले.) आंब्याखाली सिंहावर बसलेल्या या देवीचे कोरीव काम अधिक दाट, अधिक बारीक. पण मला तिथे सोनार दिसत नाही, छिन्नी दिसते. दागिना अंगावर चढवलेला न वाटता अंगाबरोबरच कोरलेला वाटतो. जैन लेण्यांवर जीव असणारे यावर भांडतील, आणि वरच्या मजल्यावरचे छतातले कमळ दाखवले तर मी गप्पही बसेन.