जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे : परंपरेतील खंड आणि सातत्य

प्रास्ताविक

वारली चित्रकलेविषयीच्या लेखनात ‘पिढ्यानपिढ्या चालत आलेली कला’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे, की त्याची चिकित्सा क्वचितच होते. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे नाव तर या परंपरेशी समानार्थी ठरले आहे. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही चित्रकार म्हणून परिचित आहेत. साहजिकच मशे कुटुंबाकडे पित्याकडून पुत्रांकडे आलेल्या वारशाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. वस्तुतः पुरुषांचा हा वारसा जिव्यांपासूनच सुरू होतो. त्यामागे उभी आहे ती स्त्रियांची परंपरा. हा भेद लक्षात घेतल्याखेरीज मशे यांच्या कलेचे यथार्थ मूल्यमापन संभवत नाही.

चौकाचे स्वरूप

वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा. शेणाने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो. त्याच्या केंद्रस्थानी पालघट देवी असते आणि चौकटीवर दाट नक्षी असते. झाडे, पशुपक्षी आणि नाचणारी माणसे यांना चौकटीबाहेर स्थान मिळते. धवलेरीच्या गाण्यांशिवाय हा विधी पूर्ण होत नाही. चित्र येथे पाहण्याची वस्तू नसून विधीचे अंग आहे. कार्य संपले की ते भिंतीवरच विरत जाते. त्याखाली काढणारीचे नाव नसते, कारण तशी गरजच कोणाला वाटत नाही.

मशे यांचे वेगळेपण

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात आले आणि मशे यांच्या हाती कागद आला. याच कुलकर्णी यांनी त्यापूर्वी बिहारच्या मिथिला भागातील स्त्रियांना भिंतीवरून कागदावर आणण्याचे कार्य केले होते. तेथे सीतादेवी, गंगादेवी यांसारख्या चित्रकर्त्री नावारूपाला आल्या. डहाणूत मात्र मुख्य नाव पुरुषाचे झाले. माध्यम बदलले तेव्हा कर्ताही बदलला.

मशे यांनी चौकातील काय घेतले आणि काय सोडले, हे पाहणे उद्बोधक आहे. दोन त्रिकोणांची मानवाकृती, पांढरी रेघ आणि मातकट पार्श्वभूमी त्यांनी स्वीकारली. बहुतेक चित्रांत मात्र देवीचा चौक त्यांनी वगळला आणि चौकटीबाहेरचे जग मध्यभागी आणले. लावणी, शिकार, तारपा नाच हे विषय आता दुय्यम राहिले नाहीत. मासेमारीच्या चित्रांत जाळ्याच्या असंख्य बारीक रेघा अवकाश व्यापून टाकतात आणि तो अवकाशच चित्राचा विषय बनतो. विधीच्या बंधनात अशा रचनेला वाव नव्हता. मशे यांची प्रतिभा जतनापेक्षा या निवडीत अधिक दिसते.

सन्मान आणि त्यांची मर्यादा

१९७६ मधील राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मधील पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनातील सहभाग, २००९ मधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मधील पद्मश्री हे सन्मान एका स्वतंत्र चित्रकाराचे आहेत आणि ते सर्वथा उचित आहेत. परंतु त्यांचे वर्णन ‘परंपरेचा गौरव’ असे केले की दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. मशे यांची नवनिर्मिती झाकली जाते आणि चौक लिहिणाऱ्या अनाम स्त्रियांना गौरव मिळाल्याचा आभास मात्र निर्माण होतो.

पुढच्या पिढीपुढील प्रश्न यातूनच उद्भवतो. साड्या, भेटवस्तू आणि सरकारी कार्यालयांच्या भिंती यांवर आज तारप्याचे वर्तुळ सर्वत्र उमटले आहे. बाजाराला ओळखीची आकृती हवी असते. अशा वेळी पुत्रांच्या चित्रांची कसोटी पित्याशी असलेले साम्य ही ठरू नये. पित्याने चौकाला जसा प्रश्न विचारला, तसा प्रश्न पुत्र पित्याच्या चित्राला विचारतात काय, हा समीक्षेचा निकष असला पाहिजे.

समारोप

मशे कुटुंबातील सातत्य आकृतींच्या पुनरावृत्तीत शोधणे अपुरे आहे. एका खंडातून ही पुरुष-परंपरा जन्मली आणि तो खंड मान्य करूनच तिचा इतिहास लिहिता येईल. त्याबरोबरच भिंतीवरच्या चौकाचा, तो लिहिणाऱ्या सवासिनींचा आणि गाणाऱ्या धवलेरींचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास वारली चित्रकलेचा इतिहास केवळ कागदाचा आणि कॅनव्हासचा इतिहास होऊन राहील.