स्थूलतेची प्रवृत्ती, आहार आणि अधिजनुकीय विचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका. ज्वारी-बाजरीची भाकरी व कडधान्ये हा येथील जुन्या पिढीचा आहार. पुढे म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी आले आणि विकतचे गोड-तळलेले पदार्थही घरोघरी पोहोचले. एकाच घरात, एकाच ताटातले जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचेच पोट का सुटते? जनुकांची रचना तीच राहून त्यांचे कार्य बदलते, असे सांगणारा अधिजनुकीय विचार या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो. त्या उत्तराची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

पुण्याचा अभ्यास :
पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. मात्र पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असून चरबी तुलनेने टिकून होती. 'वजनाने कृश, चरबीने स्थूल' अशा या देहरचनेत पुढील मधुमेहाचे बीज दिसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वे डी.एन.ए.वर मिथाइल गट जोडण्याच्या प्रक्रियेशी निगडित आहेत. या दुव्यामुळे आहार व जनुकांचे कार्य यांचा संबंध जोडता येतो.

मर्यादा :
तथापि संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भावस्थेत असलेल्यांच्या डी.एन.ए.वर सहा दशकांनंतरही मिथाइल खुणांतील फरक आढळले. परंतु त्या फरकांमुळेच स्थूलता येते, हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरी अडचण सामाजिक आहे. गर्भावस्थेवर सारा भर दिला की दोष नकळत आईच्या माथी येतो. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या, दूध वाट्याला न येणाऱ्या स्त्रीला स्वतःचा आहार निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न मागे पडतो. 'हे जन्मतःच ठरलेले' असा दैववादही या विचारातून फोफावू शकतो. वास्तविक जन्मानंतरचा आहार व श्रम यांचा वाटाही मोठा आहे.

निष्कर्ष :
अधिजनुकीय विचाराचे खरे मोल स्थूलतेला केवळ व्यक्तीच्या खादाडपणाचे फळ न मानण्यात आहे. गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या आवश्यकच आहेत. परंतु त्यांत ब-१२ नसते, याचाही विचार व्हावा. पुण्याजवळील गावांचे निष्कर्ष कवठे महांकाळला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही येथील मुलींच्या ताटात किशोरवयापासूनच दूध, डाळ व पुरेसे अन्न असावे, हा आग्रह धरण्यास पुढील पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.