पाणी पंचायत : दान आणि हक्क

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे उभारलेल्या पाणी पंचायतीची गणना बहुधा जलसंधारणाच्या प्रयोगांत केली जाते. ही मांडणी अपुरी आहे. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबास कमाल अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, उसास बंदी आणि खर्चाचा २० टक्के भार लाभार्थींवर, हे नियम थेट मालमत्तेच्या प्रश्नाला भिडणारे होते. (भूमिहीनाने ते पाणी कोणाच्या जमिनीत वापरावे, हा पेच उरतोच.) ग्राम गौरव प्रतिष्ठानासारखी सेवाभावी संस्था असा नियम गावापुरता घडवू शकते, त्यास कायद्याचे बळ देणे शासनाच्याच हाती असते. शासनाने मात्र २००५च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमात पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमीनधारणेशीच जोडले. नायगावातील भूमिहीनास मिळालेला वाटा त्या अधिनियमात नाही.