याकोब्सन यांची वाचाघात-मीमांसा : एक परीक्षण

भाषेची दोन अंगे आणि वाचाघाताचे दोन प्रकार यांविषयीचा रोमान याकोब्सन यांचा निबंध १९५६ साली, मॉरिस हाले यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘फंडामेंटल्स ऑफ लँग्वेज’ या छोटेखानी पुस्तकात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो वाचला जातो तो बहुधा साहित्यशास्त्राच्या वर्गात, रूपक आणि लक्षणा यांच्या द्वंद्वापुरता. मेंदूच्या विकृतीवरून त्यात जे अनुमान काढले आहे, ते मात्र न तपासताच स्वीकारले जाते.

निबंधाची मूळ भूमिका मोलाची आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. भाषा ढासळते ती वाटेल तशी नव्हे. ती आपल्या घडणीच्या सांध्यांवरच उकलते, हा याकोब्सन यांचा आग्रह होय. गोल्डश्टाइन यांच्या ग्रंथातून त्यांनी घेतलेले एक उदाहरण विलक्षण बोलके आहे. एका रुग्णाच्या तोंडून नुसता ‘चाकू’ हा शब्द कधीच निघत नसे. उपयोग व परिसर यांनुसार त्याच वस्तूला कधी पेन्सिल तासणारा, कधी सफरचंद सोलणारा, कधी पावाचा चाकू, तर कधी चाकू-काटा असे नाव मिळे. म्हणजे शब्द नष्ट झाला नव्हता. संदर्भावाचून त्याची निवड करण्याची शक्ती नष्ट झाली होती. निरोगी माणसाच्या बोलण्यात हे दोन व्यापार इतके एकजीव असतात की ते दोन आहेत हेच ध्यानात येत नाही.

परंतु याच पायावर उभारलेला पुढचा इमला डळमळीत आहे. ग्लेब उस्पेन्स्की या रशियन लेखकाच्या अखेरच्या काळातील मनोविकाराचा दाखला देऊन याकोब्सन त्याच्या लेखनशैलीपर्यंत पोहोचतात. मेंदूस झालेली इजा, मनाचा विकार आणि वाङ्मयीन अभिरुची या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात ओवण्यास लागणारा पुरावा तेथे नाही. (निबंधाची कीर्ती मुख्यतः याच भागामुळे झाली, हे गमतीचे आहे.)

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आक्षेप व्याकरणलोपासंबंधी आहे. या विकारात विभक्तीची रूपे जाऊन प्रथमा उरते व क्रियापदाचे भावरूप शिल्लक राहते, असे याकोब्सन म्हणतात. १९८४ साली योसेफ ग्रोझिन्स्की यांनी हिब्रू भाषेच्या आधारे दाखविले की, जेथे प्रत्यय वगळल्यास उच्चारक्षम शब्दच उरत नाही, तेथे रुग्ण रूप गाळत नाही. चुकीचे रूप योजतो. तेव्हा ‘तारेची भाषा’ हे मेंदूचे लक्षण नसून बव्हंशी इंग्रजीचे लक्षण ठरते. लिझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांच्या १९९० च्या संग्रहात १४ भाषांतील रुग्णांची निवेदने एकत्र आली. त्यांत हिंदी आहे, मराठी नाही.

मराठीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. रुग्णाने ‘बस’ एवढेच म्हटले, तर प्रत्यय गळला की आज्ञार्थाचे रूप योजले गेले? इंग्रजी चाचणीचा केवळ अनुवाद करून गाळलेले प्रत्यय मोजले, तर चुकीचे जोडलेले प्रत्यय निसटतील आणि रुग्णाचे निदानच बिघडेल. ‘झाडाखाली’ म्हणू पाहणारा रुग्ण ‘झाड’ म्हणून थांबला, तर याकोब्सन यांना पुष्टी मिळेल. तो ‘झाडा’पाशी अडला, तर मात्र शब्दयोगी अव्यय हरवले असूनही सामान्यरूपाचा नियम त्याच्या मेंदूत शाबूत आहे, असे मानावे लागेल.