नांदेडची अक्षरे किती?

पॅटर्न म्हटले की मराठवाड्यात आधी आठवतो तो परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न. आम्हाला ज्याविषयी लिहायचे आहे तो पॅटर्न वेगळा. संगणकातल्या लांबलचक यादीतून हवी ती नावे निवडायची असतील, तर त्या नावांचे रूप कसे असावे हे ठरावीक चिन्हांनी लिहून द्यावे लागते. या लेखनाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात; आपण त्याला ‘नमुना’ म्हणू. कल्पना मुळात गणितातली. स्टीफन क्लीन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने ती १९५०च्या दशकात मांडली. आज डेटाबेसमध्ये, म्हणजे पद्धतशीर साठवलेल्या माहितीत, शोध घेण्याचे ते नेहमीचे साधन आहे.

मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेस प्रणालीत नमुना जुळवण्याच्या भागात एक जुना दोष होता. २०१८ साली आलेल्या ८.०.४ या आवृत्तीत तो काढण्यात आला. ही दुरुस्ती आवश्यक होती आणि चांगलीही आहे. पण मराठीपुरते बोलायचे तर ती अर्ध्या वाटेवर थांबली आहे, असे आमचे मत आहे. आपल्याच परिसरातील यादी घेऊन ते तपासू.

नांदेड जिल्ह्याचे १६ तालुके आणि लातूर जिल्ह्याचे १०, अशी २६ नावांची यादी फळ्यावर लिहा. नमुन्यातील चार खुणा लक्षात ठेवल्या की पुरे. ^ म्हणजे नावाचा आरंभ, $ म्हणजे शेवट, टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि चौकोनी कंस म्हणजे आत लिहिलेल्यांपैकी कोणतेही एक.

पहिला प्रश्न: न किंवा ल ने सुरू होणारी नावे कोणती? नमुना होईल ^[नल]. वर्गातला कोणताही मुलगा सांगेल: नांदेड, नायगाव, लोहा, लातूर, निलंगा. एकूण पाच. जुनी प्रणाली मात्र सव्वीसच्या सव्वीस नावे देई. औसा आणि किनवटसुद्धा!

असे का व्हावे? यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे तीन लहान संख्यांत साठवले जाते. न म्हणजे २२४, १६४, १६८ आणि ल म्हणजे २२४, १६४, १७८. नमुना जुळवणारा जुना भाग कॅनडातील हेन्री स्पेन्सर यांनी लिहिलेल्या संचातला होता आणि तो एकेक बाइट सुटा पाही. त्याच्या दृष्टीने कंसात दोन अक्षरे नव्हती, २२४, १६४, १६८ आणि १७८ या चार संख्या होत्या. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असल्यामुळे प्रत्येक नाव जुळत असे.

दोष स्पेन्सर यांना देता येणार नाही. एक अक्षर म्हणजे एक बाइट, अशा लिपीसाठी तो संच योग्यच होता. प्रणालीने जगातल्या इतर लिपी आपल्याशा केल्यावरही तो तसाच ठेवला, ही खरी चूक. मारियाडीबी या तिच्या भावंड प्रणालीने २०१३ मध्येच आपला संच बदलला होता. शिवाय ही चूक गुपचूप होणारी होती. यंत्र ‘जमत नाही’ म्हणत नसे, ते उत्तर देई. अशा नमुन्याने निवडलेल्या नोंदी बदलण्याची आज्ञा कोणी दिली असती, तर पाचाऐवजी सव्वीस नोंदी बदलल्या असत्या. विद्यार्थ्यांच्या यादीत असे झाले तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

नव्या आवृत्तीत आयसीयू हा युनिकोड जाणणारा संच बसवला आहे. तो बाइट न पाहता पूर्ण चिन्ह पाहतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला पाच हे बरोबर उत्तर मिळते. शब्दाची सुरुवात व शेवट दाखवण्याच्या जुन्या खुणा नव्या संचाला चालत नाहीत, अशी तक्रार होऊ शकते. ती आम्हाला गौण वाटते. तिथे यंत्र निदान चूक झाल्याचे सांगते.

आता दुसरा प्रश्न: तीन अक्षरी नावे कोणती? नमुना ^...$. आपल्या मोजणीने अशी नावे ११ आहेत: नांदेड, माहूर, मुखेड, भोकर, बिलोली, कंधार, उमरी, लातूर, निलंगा, चाकूर आणि देवणी. जुन्या प्रणालीला यांतले एकही सापडणार नाही, कारण ती तीन बाइटांचे नाव शोधते. नव्या प्रणालीला एकच सापडते, ते म्हणजे औसा! आपण ज्याला दोन अक्षरी म्हणतो तेच.

कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत. औ, स आणि काना मिळून तीन झाली. नांदेडची अक्षरे तीन, चिन्हे सहा, बाइट अठरा. लातूरची अक्षरे तीन, चिन्हे पाच, बाइट पंधरा. दुरुस्तीने मोजणी बाइटावरून चिन्हावर आणली; अक्षरापर्यंत ती आलीच नाही. टिंबाचा अर्थ ‘एक अक्षर’ असे सांगितले जाते, तेव्हा कोणाच्या व्याख्येचे अक्षर, हे सांगणे राहून जाते. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

पूर्ण अक्षरसमूहासाठी आयसीयूमध्ये वेगळी खूण आहे: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे इंग्रजी मोठा एक्स. पण तिचे उत्तर त्या संचाच्या आवृत्तीवर अवलंबून असते. अर्धापूरमधील ‘र्धा’ हे जोडाक्षर युनिकोडच्या नियमानुसार पूर्वी दोन तुकड्यांत मोजले जाई. ते एक धरण्याचा नियम २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला.

आणखी एक अडचण आहे. मुखेड तालुक्यातील बाऱ्हाळी हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्’ एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर रूप तेच दिसते, पण नमुना आतली चिन्हे ताडून पाहतो. एका प्रकारे टंकलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधले तर ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. नमुना लावण्याआधी सर्व नावे एकाच प्रकारात आणून ठेवणे हा त्यावर उपाय आहे, आणि तो यादी ठेवणाऱ्यानेच करायचा असतो.

शिक्षकांना आमची सूचना अशी, की शाळेतील यादीवर एखादी शोधप्रणाली वापरण्यापूर्वी वरील २६ नावे तिला द्यावीत. न-ल ची पाच आणि तीन अक्षरी अकरा, ही उत्तरे मुलांकडून आधी हाताने काढून घ्यावीत आणि मग यंत्राची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावीत. जिथे फरक पडेल तिथे यंत्र कोणती वस्तू मोजत आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.