बब डॉडिंग्टन याची रोजनिशी

गुप्त ठेवण्यासाठीं लिहिलेल्या रोजनिशींत माणूस मोकळें बोलतो व प्रसिद्धीसाठीं लिहिलेल्या रोजनिशींत तो नटून बसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जॉर्ज बब डॉडिंग्टन या इंग्लिश जमीनदाराची १७८४ मध्यें छापली गेलेली रोजनिशी मात्र या समजुतीस दाद देत नाहीं. येथें लेखक नटलेला आहे, आणि तरीही उघडा पडला आहे.

१६९१ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थाचें मूळ आडनांव बब. मामाचें आडनांव त्यानें घेतलें व १७२० मध्यें मामा वारल्यावर डॉर्सेटमधील ईस्टबरीची मिळकत त्याच्याकडे आली. व्हॅनब्रो या वास्तुशिल्पज्ञानें आखलेला तेथील अपुरा वाडा त्यानें पुरा केला. थॉमसन कवीनें ‘समर’ हें काव्य यालाच अर्पण केलें. स्वतःचा विवाह मात्र त्यानें कित्येक वर्षें लपवून ठेविला!

त्याचें खरें भांडवल निराळेंच होतें. वेमथ व मेल्कम रीजिस या जोडगांवांतून पार्लमेंटांत चार सभासद जात व तेथें डॉडिंग्टनचा शब्द चाले. हा माल घेऊन तो दारोदार फिरला. १७४९ मध्यें नौदलाच्या खजिनदाराची जागा सोडून त्यानें युवराज फ्रेडरिकचा आश्रय धरला. १७५१ मध्यें युवराज वारला आणि स्वारी न्यूकॅसलच्या ड्यूककडे वळली. १७५४ मध्यें ब्रिजवॉटरची निवडणूक तो हरला. पुढच्याच वर्षीं जुनी खजिनदारी त्यास परत मिळाली. हे सारे सौदे तो वाण्यानें कीर्द लिहावी तसे लिहितो, आणि अन्याय झाला तो आपणांवरच, अशी त्याची मनापासून खात्री आहे. ही खात्रीच या पुस्तकाचा प्राण होय.

आपल्या कीर्तीस भूषणावह असतील तेवढेच कागद छापावे, असें त्यानें मृत्युपत्रांत सांगून ठेविलें होतें. संपादक विंडहॅम यांनीं तर प्रस्तावनेंतच त्याच्या राजकारणावर स्वार्थाचा व लोभाचा शिक्का मारला आहे! हें आम्हांस रुचत नाहीं. ज्यांनीं तेच सौदे केले पण लिहून ठेविले नाहींत, ते समकालीन सभ्य ठरले; लिहिणारा तेवढा हास्यास्पद झाला.

शिवाय ॲडमिरल बिंग यास देहान्त शासन झालें, तेव्हां १७५७ च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेंत त्याच्या प्राणांसाठीं बोलावयास जे थोडे उठले, त्यांत डॉडिंग्टन होता. त्या भाषणापासून त्यास कांहीं मिळावयाचें नव्हतें. १४ मार्च रोजीं बिंगला गोळ्या घातल्या.

१७६१ मध्यें डॉडिंग्टन लॉर्ड मेल्कम झाला. १७६२ मध्यें निपुत्रिक वारला. ईस्टबरीचा बहुतेक वाडा पुढील मालकानें पाडून टाकला.